ती वळली, आणि तिने

"वाचा," ती म्हणाली.

तपासणीच्या खुर्चीत बसलेला तरुण काही वाचेना. नाकावर चाचणीची जडशीळ फ्रेम, हातात पुस्तक, आणि कान मात्र हळूहळू लाल होत चाललेले.

"दिसत नाहीये का?"

"दिसतंय... म्हणून तर थांबलोय."

तिने वाकून पाहिलं आणि जीभ चावली. जवळची नजर तपासायचं कार्ड आत्याने वारा घ्यायला नेलं होतं, म्हणून तिने काउंटरखाली स्वतःसाठी ठेवलेली कादंबरी त्याच्या हातात कोंबली होती. आणि पान उघडलं होतं तेही नेमकं असं, की जिथे नायक नायिकेच्या मानेवरचे केस हलकेच बाजूला सारतो.

"पुढची ओळ वाचलीत तरी चालेल," ती घाईघाईने म्हणाली.

"पुढची तर डॉक्टरांसमोर वाचण्यासारखी अजिबात नाही."

"मी डॉक्टर नाही. मी चष्मे करते."

"मग... वाचू?"

"वाच रे बाबा," बाकावर नंबराची वाट बघणाऱ्या आजी म्हणाल्या, "आम्हालाही कळू दे पुढे काय झालं ते!"

तो हसला. हसताना ती जड फ्रेम घसरली, ती त्याने आणि तिने एकदमच सावरली, आणि मग दोघांनी एकदमच सोडली. फ्रेम पडली. आतल्या खोलीतून आत्या ओरडली, "बबडे, काय फोडलंस?" काही फुटलं नव्हतं. निदान दिसण्यासारखं तरी नाही.

तो शेजारच्या वाचनालयात बाइंडर होता. दूरचं लख्ख दिसायचं, जवळचं धूसर. आणि सगळं काम जवळचं. सुई ओवताना डोळ्यांना पाणी यायचं, तेव्हा कुठे स्वारी चष्म्याच्या दुकानाची पायरी चढली होती.

बबडी, म्हणजे आपली नायिका, दिवसा आत्याच्या दुकानात काचा घासायची आणि उरलेल्या वेळात प्रेमकथा वाचायची. नुसती वाचायची नाही, त्यांची परीक्षणं लिहायची, 'गुलाबी चष्मा' या नावाने. फोनवर ती वाचायला बरीच मंडळी जमली होती आणि वाचनालयाच्या फलकावरही ती लागत. लोक नाकं मुरडत, "प्रेमकथांचं कसलं आलंय परीक्षण!" त्यावर ती म्हणे, दोन माणसं एकमेकांची होणार हे पहिल्या पानावर माहीत असताना शेवटपर्यंत जीव टांगणीला लावायचा, हे येरागबाळ्याचं काम नाही. नायकाने नुसती छत्री पुढे केली तरी तिचा दिवस चांगला जायचा. शेवटचं पान आधी बघायचं नाही, हा तिचा कडक नियम. आणि रडवणारा शेवट असला की त्या लेखकाची ती खरडपट्टीच काढायची.

फक्त वाचनालयातल्या एका जुन्या कादंबरीच्या बाबतीत ती विरघळली होती. ती कादंबरी सुरू व्हायची अर्ध्या वाक्यातून, दोघांच्या सुखी संसाराच्या दारात. मग एकदम मागे जायची: ओळख, रुसवे, गैरसमज... आणि शेवटी बसस्थानकावर ताटातूट. शेवटची ओळ होती, 'ती वळली, आणि तिने'. बस्स. पूर्णविरामसुद्धा नाही. म्हणजे सुरुवातीचं सुख नुसतं स्वप्नच, असं समजून बबडी ते पुस्तक छातीशी धरून ढसाढसा रडली होती. "आपल्या सगळ्यांचंच काहीतरी असं अर्ध्यावर राहिलेलं असतं, आणि ते तसंच सोडायचं धाडस या लेखिकेने केलं," असं तिने लिहिलं. इतकं मनापासून तिने आजवर काहीच लिहिलं नव्हतं. ते परीक्षण इतकं गाजलं, की वाचनालयाने खुद्द लेखिकेलाच बोलावलं आणि तिच्यासमोर बोलायला 'गुलाबी चष्म्या'ला. बबडी हवेत होती.

बाइंडरचा चष्मा तयार झाला. तरी तो येतच राहिला. कधी काडी टोचते, कधी काच धुरकटते.

"याच्या चष्म्याचे स्क्रू रोज कसे गं ढिले होतात?" आत्या विचारायची. "मी चाळीस वर्षं दुकान चालवतेय, असं गिऱ्हाईक नाही पाहिलं."

"पुस्तकांवर वाकून काम करतात ना ते..."

"हं. आणि तू काडी सरळ करायला कानाशी एवढा वेळ वाकतेस, ते?"

आत्याच्या तोंडाला कोण लागणार! बबडी लाजून फडकं शोधायला लागायची, जे तिच्या हातातच असायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मात्र तो आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. काडी नाही, काच नाही. तिची लाडकी कादंबरी तेवढी काखेत.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "सांगितल्यावर तुम्ही माझं तोंड बघणार नाही. पण न सांगता तुम्हाला तिथे उभं राहू देणं... नाही जमणार मला."

तिने मनात ठरवूनच टाकलं: याचं लग्न ठरलंय, दुसरं काय!

"आज फलकावर तुमचं परीक्षण वाचलं. या चष्म्यामुळेच वाचता आलं. 'अर्ध्या वाक्यातून सुरुवात' म्हटलंय तुम्ही, तिथेच माझ्या काळजात धस्स झालं. ही कादंबरी मी बांधलीय. चष्म्याच्या आधी. शेवटची सोळा पानं... चुकून सुरुवातीला शिवली गेलीत. पानांचे आकडे धूसर दिसत होते, आणि कडा कापताना तेही कापले गेले. यात धाडस कोणाचंच नाही हो. गाढवपणा आहे, तोही माझा."

तिने पुस्तक ओढून घेतलं. शेवटचं पान, 'ती वळली, आणि तिने'. मग पहिलं पान, पहिली ओळ: 'हात पुढे केला.'

ती वळली, आणि तिने हात पुढे केला.

"म्हणजे..." ती पानावरून नजर न काढता म्हणाली, "ती त्याला सोडून गेली नाही?"

"नाही. पुढच्या पानावर तर ती त्याच्या चहात साखर विसरलीय."

"अगंबाई! गेली नाही!" ती खुर्चीत बसलीच. महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी अलगद उचलला होता. डोळे भरून आले, ओठ हसत होते. तो आपला शिव्यांची वाट बघत उभा.

त्या तिला सुचल्या, पण जरा उशिरा. "अहो, पण संध्याकाळचं काय? लेखिका येणार आहेत! पूर्णविराम न देण्याच्या धाडसावर मी आठ मिनिटांचं भाषण पाठ केलंय!"

"मी उभा राहून सांगतो, चूक माझी आहे."

"परीक्षण माझं आहे," ती फणकारली. "तुम्ही बाजूला व्हा."

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत आत्या, शेवटच्या रांगेत दाराजवळ तो. व्यासपीठावर लेखिका, पिकलेल्या केसांच्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या. आता हसं होणार, 'गुलाबी चष्म्या'चा आज निकाल लागणार. तिने पाठ केलेलं भाषण घडी घालून ठेवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: सोळा पानं, कापलेले आकडे, आणि बाइंडरच्या सुईला धाडस समजून ढाळलेले अश्रू.

मग लेखिकाबाईंनी "हुश्श!" केलं, ते ध्वनिक्षेपकातून साऱ्या सभागृहाला ऐकू गेलं.

"अगं पोरी, माझा जीव भांड्यात पडला!" त्या म्हणाल्या. "तुझं परीक्षण मी तीनदा वाचलं. मला वाटलं, मी काय लिहिलं तेच मी विसरले. इथे कोणी त्या शेवटाचा अर्थ विचारला तर काय सांगू, म्हणून जेवण जाईना मला!"

हशाचा असा लोट उठला की विचारू नका. दुकानातल्या बाकावरच्या आजींपासून ग्रंथपालांपर्यंत सगळे डोळे पुसत होते. "पण एक सांगते," लेखिकाबाई हसू आवरत म्हणाल्या, "उलटं शिवलेलं असूनही ते दोघं तुला इतके खरे वाटले, यापेक्षा मला काय हवं?" बबडीला तेव्हा कुठे नीट श्वास घेता आला. हसं झालं होतं खरं, पण त्यात तीही हसत होती.

कार्यक्रम संपला तेव्हा बाहेर भुरभुर सुरू झाली होती. तो पायऱ्यांपाशी उभा होता, चष्म्यावर थेंब.

"पुस्तक द्या," तो म्हणाला. "उसवून नीट शिवतो. आणि... उद्यापासून दुकानात येऊन त्रास देणार नाही. चष्मा चांगला बसलाय. खरं म्हणजे पहिल्या दिवसापासूनच."

"मग रोज काय करायला येत होता?"

"ते..." तो अडखळला. "तुम्ही काडी सरळ करताना... मला..."

त्याने मान खाली घातली आणि पायरी उतरला. ती उभी. दुपारी तोंड बघणार नाही म्हणून भीत भीत आलेला हा माणूस, तरी खरं सांगायला आलाच होता. तो गेला आणि पुन्हा आलाच नाही तर? आत्या मागून आली आणि छत्री उघडत म्हणाली, "चल बबडे, भिजशील." ती आत्याबरोबर चार पावलं चाललीसुद्धा. मग वळली.

"अहो बाइंडर!"

तो थांबला. ती धावत त्याच्यापाशी गेली. त्याचा चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत डोळ्यांवर चढवला. दोन्ही काड्या कानांमागे नीट बसवल्या, खूप वेळ घेऊन.

"आता दिसतंय?"

"दिसतंय," तो हळूच म्हणाला.

"मग वाक्य अर्ध्यावर का सोडलंस?" ती म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.

मागे आत्याने छत्री मिटली आणि हुश्श केलं. स्क्रूंचा खर्च वाचला होता.