तात्यांचा अंगठा

दिवा बारीक करा, आणि मधे बोलू नका. ही माझ्या सख्ख्या भाच्याची गोष्ट, त्याच्याच तोंडून ऐकलेली.

गेल्या नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. भाचा ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवतो. तिथे नोटेशनची पानं ठेवायला दोघांत एक स्टँड असतो. बाहेरच्यानं, म्हणजे प्रेक्षकांकडच्यानं, वाजवत राहायचं, आतल्यानं मधेच थांबून पान उलटायचं. आत बसायचे तात्या. अंगठा जिभेला लावल्याशिवाय त्यांच्या हातून पान उलटायचं नाही. भाच्याला किळस यायची, पण म्हातारा जीव लावायचा, म्हणून तो गप्प बसायचा.

त्या शनिवारच्या पंधरा दिवस आधी तात्या गेले. नोटेशनची पानं त्यांच्या घरी राहिली होती, ती आणायला भाचा कार्यक्रमाच्याच संध्याकाळी गेला. तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, पानं काढून दिली, चहा दिला. खुर्ची आज रिकामीच ठेवणार ना, एवढंच विचारलं. तशी पद्धतच आहे त्या ऑर्केस्ट्रात. माणूस गेला की पहिल्या कार्यक्रमाला त्याच्या खुर्चीवर फक्त एक फूल.

म्हणजे पानं भाच्यालाच उलटायची होती. त्यात नोकरी कच्ची. आज चुकलास तर उद्यापासून येऊ नकोस, असं कंडक्टरनं बजावलेलं.

रात्री साडेआठला सिंफनी सुरू झाली. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा प्रेमभंग झालेल्या गड्याची. आधी नुसते हुंदके, मग जे वादळ उठलं, ते थांबेचना. पान संपत आलं. गज उचलावा तर सूर तुटणार...

पान उलटलं.

वारा असेल, त्याला वाटलं. पण पुढच्या स्टँडवरचं पान हललंही नव्हतं.

दुसरं पान. त्याआधी एक बारीक आवाज... अंगठा जिभेला लागल्याचा.

त्यानं डावीकडे पाहिलं नाही.

खुर्ची करकरली. जवळ सरकली. घाम डोळ्यांत उतरला. तो वाजवत राहिला. तिसरं... चौथं...

शेवटचा सूर. टाळ्या. मग त्यानं मान वळवली.

खुर्चीवर फूल. जसंच्या तसं.

कंडक्टरनं पाठ थोपटली. नोकरी पक्की झाली. भाचा मात्र विंगेत जाऊन ढसाढसा रडला. मला म्हणाला, "मामा, म्हाताऱ्यानं सांभाळून घेतलं हो मला."

त्या नोटेशनचं शेवटचं पान त्यानं माझ्याकडे आणून ठेवलंय, घरात नको म्हणून. आता बघा, शेवटचं पान कुणी उलटत नाही. त्यापुढे काही नसतंच.

हे घ्या. इथे, खालच्या कोपऱ्याला हात लावा.

वर्ष होत आलं...

ओला लागतोय ना?