उगवतीचा गूळ

"हितं कोण हाय का?"

सोनमनं दचकून वर पाहिलं. धावत आल्यानं लालबुंद झालेला एक चेहरा, गळ्यात निळा मफलर, आणि बोट तिच्या शेजारच्या सीटकडे. तिथं तिनं मुद्दामच पर्स ठेवली होती. रिकामी जागा दिसायला नको म्हणून...

"नाही. म्हणजे... होतं. आता नाही."

तिकिटं दोन काढली होती. पण खोलीतली मैत्रीण अक्षता पंधरा दिवसांपूर्वी पुण्याच्या नोकरीवर गेली ती गेलीच. परभणीहून कोल्हापुरात येऊन सोनमला आठ महिने झाले होते. दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायचं, संध्याकाळी मेसचा डबा उघडायचा, मोबाईल समोर टेकवून जेवायचं. तेव्हापासून तिच्यासमोर बसून कुणी घासभरसुद्धा खाल्लं नव्हतं. म्हणून तर तिनं ठरवलं होतं, शाहूपुरीतून हिवाळी सहलीची बस सुटते ना? मग जायचं. एकटीनं तर एकटीनं!

"पावणं कुठलं?"

"परभणी. आणि मी पाहुणी नाही हं, इथंच राहते."

"बोलण्यात तर कोल्हापूर दिसंना!" तो हसला. त्याचं नाव वृषभ. शाहूपुरीत मोटारींच्या दुकानात कामाला. सहल शेवटी ज्या गुऱ्हाळावर जाणार होती, ते त्याच्या मामांचंच होतं.

नेसरीला सगळे उतरले. धुकं अजून पुरतं हटलं नव्हतं. शत्रूच्या अख्ख्या फौजेवर चालून गेलेल्या सात वीरांच्या स्मारकापाशी सगळे फोटो काढत होते. सोनम मात्र नुसती बघत उभी राहिली.

"सातच जण," ती पुटपुटली.

"सात होते की," मागून वृषभ म्हणाला. "एकटं न्हाय गेलं कुणी."

तिनं पटकन मान वळवली. डोळ्यांत धुकं गेलं असेल... दुसरं काय!

पुढच्या थांब्यावर तिनं गरमागरम कांदाभजीचे दोन पुडे घेतले आणि एक त्याच्या हातात दिला. त्यानं तो घेतला. क्षणभर बघत राहिला. "झक्कास वास हाय," म्हणाला. मग गप्पाच सुरू झाल्या. त्याच्या बोलण्यावर ती इतकी हसली की पुढच्या सीटवरच्या आजी दोनदा वळून बघून गेल्या.

गुऱ्हाळावर नेमगोंडामामा दारातच उभे होते. त्यांनी आधी भाच्याचा हात बघितला. "काय रं वृषभ्या, कांदाभजी? आपल्या जैनांत कंदमुळं कवापासनं चालायला लागली?"

पुडा जसाच्या तसा होता. थंडगार. एकही भजं कमी नाही!

सोनमचे कान तापले. "सांगायचं नाही का? दोन तास हातात धरून बसलात!"

"नको म्हटलं असतं तर तुमचं तोंड उतरलं असतं." तो मफलरशी चाळा करत राहिला. "आधीच तुम्ही खिडकीशी बोलत हुतासा."

तिनं तो थंड पुडा त्याच्या हातातून काढून घेतला. समोर काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, उसाचा रस खदखदत होता.

मामांनी उसाच्या पानावर तिला ताज्या गुळाचे दोन खडे दिले. वृषभ चाळीस पाहुण्यांना गूळ वाटत सुटला होता. सगळे चाटूनपुसून मोकळे झाले. सोनम थांबली. तिला एकटीनं खायचं नव्हतं. आज तरी नाही!

तो हात धुऊन आला तेव्हा उसाच्या तुऱ्यांमागं दिवस नुकताच बुडाला होता.

"हा घ्या तुमचा," तिनं पान पुढं केलं.

त्यानं आभाळाकडं बघितलं. "दिवस मावळल्यावर आमी खात न्हाय."

"म्हणजे... आजही नाहीच." ती हसायला गेली, पण आवाज फाटला.

तो गडबडला. मग त्यानं कागद आणला, एक खडा त्यात गुंडाळून खिशात टाकला आणि दुसरा गुंडाळून तिच्या तळहातावर ठेवला.

"उद्या दिवस उगवला की खातो. तुमी पण तवाच खावा."

"दोघं दोन ठिकाणी?"

"न्हाय..." तो अडखळला. "रंकाळ्यावर. यायचं व्हय?"

पहाटे रंकाळ्याच्या कट्ट्यावर सोनम एकटीच बसली होती. पाण्यावर धुकं तरंगत होतं. समोरून फिरणारे जात होते, जोडीजोडीनं. आभाळाची कडा उजळली. तो आला नाही. सूर्य वर आला. तरी नाही... कागदातला गूळ तिच्या मुठीत मऊ पडायला लागला. खाऊन टाकावा आणि जावं. सवय आहेच की!

तिनं कागद उघडला. मग पुन्हा बंद केला.

"सायकल पंक्चर झाली!" निळा मफलर धापा टाकत समोर उभा. "ढकलत आलो. खाल्ला न्हाईस नव्हं?"

तुमीचा तू कधी झाला, त्याच्या ध्यानातही आलं नाही. तिच्या आलं.

"न्हाय की," सोनम म्हणाली, आणि कट्ट्यावर पलीकडं सरकून तिनं शेजारी जागा केली.