पडद्यामागचं दूध

"मी दुधात पाणी घालून राहिली, असं सासूबाई गावभर सांगून राहिल्या. बाळाले काही झालं तर मले घरात ठेवणार नाहीत, ताई."

बोरगावची डिंपल हे इतक्या शांतपणे बोलली, की मदतनीस विनोदला तिचाच संशय आला. त्याला तो सगळ्यांचाच पटकन येतो. त्याची मालकीण उर्वशी सरोदे, पांढुर्ण्याची एकमेव खाजगी गुप्तहेर, मात्र नुसती ऐकत राहिली.

डिंपलच्या जावेला दिवस भरण्याआधीच मुलगी झाली होती. मुलगी पांढुर्ण्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत. आई बोरगावात तापाने पडलेली. आईचं दूध बर्फाच्या डब्यातून डिंपलच आणायची. त्या एवढ्याशा जिवाला ओढायची ताकद नव्हती, म्हणून ते सिरिंज लावलेल्या पंपाने, नळीतून पोटात सोडत. आधी वजन वाढलं, मग अडलं.

उर्वशीने दवाखान्यात जाऊन डिंपलने आणलेलं दूध थोडं पेल्यात काढून ठेवलं. तासाभरात वर जाड पिवळसर थर आला.

"म्हणजे दूध येतं ते चांगलंच. सिस्टरच चोर," विनोद कुजबुजला.

वच्छला सिस्टरने काहीच लपवलं नाही. पंप आधी पेटीला लागून उभा होता, सिरिंजचं तोंड वर. दुधाला नजर लागते म्हणून आजीने हट्ट धरला. तेव्हापासून तो पडद्यामागे स्टुलावर आडवा, लांब नळी जोडून. हल्ली सिरिंज धुताना हात तुपकट होतात, असंही ती सहज बोलून गेली.

आजी, म्हणजे डिंपलच्या सासूबाई पंचफुलाबाई, डोळे पुसत होत्या. नजरेचं त्यांनी कबूल केलं. "पण पाणी तिनंच घातलं," त्या म्हणाल्या.

उर्वशीने सगळ्यांना पडद्यामागे नेलं.

"दूध इथं आलं तेव्हा कसदार होतं. पंप संथ चालतो. तेवढ्यात स्निग्धांश वर तरंगतो, आडव्या सिरिंजमध्ये मागे राहतो, उरलेला लांब नळीला चिकटतो. म्हणून हात तुपकट. बाळाला मिळतं ते पाणचट. वजन अडलं ते पंप हलवल्यापासून."

विनोदला आपल्या संशयाची लाज वाटली.

डॉक्टरांनी पंप पेटीपाशी आणून उभा केला, नळी आखूड केली. आठवडाभरात वजनाचा काटा पुन्हा सरकला.

पंचफुलाबाईंनी डिंपलचा हात धरला. "चुकलं माझं, बाई. घरी चाल."

"आळ गावभर घेतला, आई," डिंपल म्हणाली. "आता हेही गावभर सांगा. मग येतो."

पंचफुलाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला.

"सांगतो," त्या म्हणाल्या.