तारखेवरचा अंगठा

मेकॅनिक वाल्मीकने नवं झेरॉक्स मशीन टेबलावर ठेवलं, टेबल डुगडुगत नाही ना ते पाहिलं आणि मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं.

"मागून गरम हवा निघते, ताई. वायरबोर्डाला लावू नका, थेट भिंतीतल्या प्लगला. कागद भरायच्या आधी फडफडवून घ्या. इथे पौडातली हवा दमट, चिकटतात. अडकला तर आधी बंद करा, मग हात घाला. आतला रोलर भाजतो."

सुनीती नुसती मान डोलावत होती. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत तहसील कचेरीसमोरचं हे दुकान तिचे वडील, दयानंद, चालवत. ते गेले त्याच आठवड्यात जुनं मशीन बंद पडलं. घरावर वारस म्हणून नाव लागायला मृत्यूच्या दाखल्याची स्वच्छ प्रत हवी होती. ती दिली, मशीनसकट दुकान भाड्याने लावलं, की झोपायचं. एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तिने दाखला काचेवर ठेवला, झाकण लावलं, बटण दाबलं.

प्रतीच्या उजव्या कडेला अख्खा अंगठा उमटला होता, नखासकट. बरोबर मृत्यूच्या तारखेवर.

"बोट काढा की, ताई."

तिचे दोन्ही हात पर्सच्या पट्ट्याला होते.

वाल्मीकने काच पुसली. कोरी प्रत काढली. पांढरीशुभ्र. पुन्हा दाखला ठेवला. पुन्हा अंगठा.

बाकावर रेशनकार्ड घेऊन बसलेल्या अनसूयाबाईंनी प्रत हातात घेतली.

"दयाभाऊचा हाय ह्यो. ही बघ, इळ्याची खूण. जुना कागद उचलला जाऊ नये म्हून कडेला अंगठा घालून धरायचे. निम्म्या तालुक्याच्या फायलीत हाय हा अंगठा. आमी म्हणायचो, सही फुकट मिळती."

वाल्मीक हसला. सुनीती प्रतीतल्या नखाकडे पाहत होती. डावीकडे तिरकं कापलेलं, फार खोल. ते तिनेच कापलं होतं, दवाखान्यात, वडिलांच्या शेवटच्या संध्याकाळी. कुणाला सांगितलं नव्हतं.

ग्रामपंचायत कार्यालयातल्या कारकुनाने प्रत परत केली. "तारीखच दिसत नाही, मॅडम. माणूस कधी गेला हे कळल्याशिवाय नोंद कशी घालू?"

एसटी स्टँडजवळच्या दुकानात तिने दुसरी काढून घेतली. दुकानदाराने कागदाकडे आणि मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. पैसे घेतले नाहीत.

दोन आठवड्यांनी वाल्मीक पुन्हा आला. ड्रम बदलला, रोलर पुसला. नव्या गठ्ठ्यातला कागद तिने स्वतः फडफडवून भरला.

"आता येईल बघा," तो म्हणाला आणि झाकणावर तळहात दाबून उभा राहिला.

प्रत बाहेर आली. त्याने ती पाहिली, तिच्या हातात दिली आणि हत्यारं पिशवीत भरू लागला.

तिने पहिल्या दिवसाची प्रत खणातून काढली. दोन्ही खिडकीशी शेजारी धरल्या.

तीच विळ्याची खूण. तीच झाकलेली तारीख.

फक्त तिरकं कापलेलं नख भरून आलं होतं. पुन्हा कापायला आलं होतं.