चपटे किडे आणि पुढचा बुधवार

समुद्री मिठाची बादली. अकोला स्टेशन, फलाटावरचा बाक.

कपाशीच्या बोंडातली गुलाबी अळी — टी-शर्टवर छापलेली, हसरी.

लोणच्याची प्लास्टिकची बरणी. आत लोणचं नाही.

काचेवर गंजाच्या रंगाचा ठिपका. पुसायला गेले… तो सरकला.

माणिकबाई कालपासून जेवली नाही.

लाइट गेली.

आता नीट सांगते. जमेल तेवढं.

मी जुईली. राहते अमरावतीला. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते आणि दर बुधवारी त्याच कामासाठी अकोल्याच्या एका दवाखान्यात जाते. आमच्या हॉलमध्ये माझा समुद्र आहे. काचेची टाकी, खारं पाणी, दगड, दगडांवर प्रवाळ, आणि क्लाउनफिशची, नारिंगी पट्टेदार माशांची, जोडी. मोठी, तापट ती माणिकबाई. तिच्या मागेमागे फिरतो तो ओमप्रकाश. चार वर्षं सांभाळलाय हा समुद्र. दोन उन्हाळे तर टाकीसमोर पंखा लावून, स्वतः घामात बसून काढलेत.

तर, तो फलाट. माझ्या पायाशी मिठाची बादली. हसऱ्या अळीचा टी-शर्ट तिच्यासमोर येऊन थांबला.

"हे मीठ वरणात टाकायचं तं नसन ना?"

"तुमाले काय करायचं?"

"नाई, माह्या घरी बी हेच आहे. म्हणून विचारलं."

मी वर पाहिलं. आमच्या वऱ्हाडात, जिथून समुद्र बघायचा तर एक रात्र रेल्वेत झोपावं लागतं, तिथं हा वेडेपणा करणारी मी एकटीच आहे असं मला वाटत होतं. मला तसं वाटायला आवडतही होतं. आणि आता हे डोळे… नंबर नसलेले, स्वच्छ, आणि भलतेच खोडकर.

नाव यशोधन. कपाशीच्या किडींवर काम करतो. गावोगाव सांगत फिरतो की बाहेरून काहीही आणलं तर आधी तपासा, मगच शेतात न्या.

हे लक्षात ठेवा.

त्यानंतर बुधवारी तो फलाटावर दिसू लागला. "कामच होतं इकडं," म्हणायचा. काम कसलं ते मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. 'तुमी'चं 'तू' झालं, पण माझं नाव काही त्याच्या तोंडी येईना. 'चष्मेवाली' म्हणायचा.

एका बुधवारी तो धापा टाकत आला. हातात लोणच्याची बरणी. बरणीत त्याच्या टाकीतल्या प्रवाळाचा तुकडा, हिरव्या बटणांचा झुबका असावा तसा.

"तोडताना जीवावर आलं," तो म्हणाला. "पण तुह्या टाकीत शोभून दिसन."

मी बरणी मांडीवर धरून घरी आले.

आणि मग ठिपके.

तिळाहून लहान, चपटे, गंजाच्या रंगाचे किडे. आधी काचेवर. मग दगडांवर. मग प्रवाळावर अशी पांघरुणं घातली त्यांनी, की बटणं उमलायचीच थांबली. टाकीत नवं असं एकच काही आलं होतं. मला माहीत होतं. त्याला माहीत असायलाच हवं होतं.

फोन केला. "किडे झाले."

"येतो. रविवारी. औषध आहे माह्याजवळ."

बस. कुठून आले, हे त्यानं विचारलं नाही. किडींचा माणूस, पहिला प्रश्न तोच असतो त्याचा — तोच गिळला. मला किड्यांपेक्षा त्याचाच राग आला.

रविवारची दुपार. बारीक नळीनं जेवढे ओढता येतील तेवढे किडे बादलीत ओढले. मग त्यानं औषधाचे थेंब मोजले.

"मारणं सोपं आहे," तो म्हणाला. "पण मरताना हे पाण्यात विष सोडते. फिल्टरनं तं लगेच ओढलं पाह्यजे. नाई तं मासे…"

थेंब पडले. किडे आकसले, सुटले, पाण्यात गंज तरंगू लागला.

लाइट गेली. पंप बंद. पंखा बंद. एवढी शांतता त्या हॉलमध्ये कधीच नव्हती.

"आई! इन्व्हर्टर!"

"बॅटरी दुरुस्तीले नाई का गेली!" स्वयंपाकघरातून आई. "काहून वं? काय झालं?"

"मोठी चाळणी दे! पटकन!"

चाळणीत फिल्टरमधली, विष शोषणाऱ्या कोळशाची पिशवी. ती मी टाकीवर धरली. तो प्लास्टिकच्या जगानं पाणी उचलून वरून ओतू लागला. ओत, गाळ. ओत, गाळ. त्याच्या कोपराचं पाणी माझ्या मनगटावर ओघळत होतं. दुसऱ्या कुठल्याही दुपारी मी लाजले असते.

"कुठून आले किडे?" मी विचारलं.

"आता — आता हे विचारायची वेळ आहे का?"

"शेतकऱ्याले तं तू पहिलं हेच विचारतं."

ओत, गाळ.

दगडाच्या फटीतून माणिकबाई बाहेर आली. आडवी. कल्ले भराभर हलत होते.

"यशोधन!"

त्यानं जग टाकला, दोन्ही हातांची ओंजळ करून तिला उचललं आणि बाजूला ठेवलेल्या, नव्या खाऱ्या पाण्याच्या दुसऱ्या बादलीत सोडलं. मग ओमप्रकाशला. तो तर स्वतःच ओंजळीत आला, तिच्या मागोमाग.

आम्ही बादलीवर वाकलो. माणिकबाई अजून आडवीच.

"माह्याच तुकड्यातून आले," तो खाली बघत म्हणाला. "औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा असते पहिले. मालूम आहे मले. रोज लोकाईले हेच सांगतो."

"मंग काहून नाई बुडवला?"

"तुही गाडी सुटली असती."

"पुढच्या बुधवारी द्यायचा होता!"

"पुढचा बुधवार लय लांब होता, जुईली."

…नाव. असल्या वेळी. खारट, घामेजलेल्या, उकडत्या हॉलमध्ये.

माझ्याकडे भांडण तयार होतं. आठवडाभर घोटून ठेवलेलं. पण त्या भांडणात एक भोक होतं, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मी बी नाई बुडवला," मी म्हणाले. "मले बी नियम येते. बुडवायचं औषध होतं घरी तवा. बाटली हातात घेतली होती. पण तू दिलेलं… त्याले औषधात बुडवायचं — मन झालं नाई."

त्यानं वर पाहिलं. नंबर नसलेले डोळे.

"म्हणजे दोघंबी सारखेच येडे," तो म्हणाला.

"तू जास्त. तू पगार घेतं त्याचा."

तो हसला, आणि हसताना त्याचं बोट पाण्याला लागलं. बादलीतून काहीतरी नारिंगी सरळ झालं, उसळलं —

"आई गं! चावली मले!"

"चावणारच. तिच्या घरात कचरा आणला तू."

"आणि तू? तू काय करशील मले?"

मी त्याचं बोट माझ्या ओढणीत धरलं. रक्त नव्हतं. तरी सोडलं नाही.

"पन्हं घेईन का वं तो पोरगा?" आई आतून.

"घेईन," त्यानंच उत्तर दिलं. "आता मी इथंच आहे, काकू."

त्या बुधवारी अकोल्याला गाडी पाऊण तास उशिरा आली. आम्ही बाकावर बसून चहा प्यायलो आणि त्याला परत द्यायला आणलेली रिकामी बरणी आमच्या मधे होती.