मेंढीला सांगितलेली अडचण

पूनमने वर्गाचे दार ढकलले, तेव्हा आत एक उंचापुरा तरुण टेबलावरच्या लोकरीच्या मेंढीशी वाद घालीत होता.

"हितनं आकडा आत जातोय, व्हय ना? मग भाईर का यीना?"

तिला हसू आवरेना. "मेंढी काय म्हणते?"

"ऐकून घेती," तो लाजून म्हणाला. "माणसं मधीच हसत्यात."

शिरूरच्या एस.टी. आगारासमोरच्या त्या कोडिंगच्या वर्गाची शिस्तच तशी होती— चूक सापडेना, तर आधी ती एखाद्या वस्तूला मोठ्याने समजावून सांगायची. सांगता सांगता बहुधा स्वतःलाच उमगते. इतरांनी पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. हा तरुण, वरवंडचा मल्हार, कारखान्यातली पाळी सोडून शिकायला आलेला. धनगराच्या त्या मुलाने आईच्या हातची मेंढी आणली होती. तळेगाव ढमढेऱ्याची पूनम शाळेतली नोकरी सोडून आलेली. ती मेंढी उसनी मागू लागली, आणि मागता मागता दोघांचे टेबल केव्हा एक झाले, ते सरांनाही कळले नाही.

अभ्यासक्रम संपत आला आणि पूनमला बेंगळुरूची नोकरी लागली. संध्याकाळपर्यंत उत्तर कळवायचे होते. मल्हार नुसते "अभिनंदन" म्हणाला आणि संगणकात डोके खुपसून बसला. तिचे मन सैरभैर झाले. हा आनंद, की राग... की काहीच नाही? आणि काहीच नसेल, तर आपल्याला एवढे का लागावे?

चहा घेऊन ती परतली, तर आतून त्याचा आवाज आला.

"न्हाई बोललो, तर ती जाती. बोललो आन् ती थांबली, तर तिची मेहनत मातीत. चुकतंय कुठं, सांग की गं!"

पूनमने चहा टेबलावर ठेवला आणि मेंढी उचलून मांडीवर घेतली.

"पूनम थांबणार, हे हिला कुणी सांगितलं?"

मल्हारच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हंजी... जाणार तुम्ही?"

"जाणार."

"बरं..."

"नुसतं बरं? आता मेंढीला नाही, मला सांगा."

त्याने चहावरची साय बोटाने बाजूला सारली. "आवडता तुम्ही मला... लई."

पूनमने त्याच्यादेखत फोनवरून बेंगळुरूला होकार कळवला. मल्हार अधिकच गोंधळला.

"मग... माझं काय?"

"तुम्हाला द्यायचा होकार असा फोनवर कळवत नसतात. आईंना घेऊन आमच्या आबांकडे या," ती खाली पाहत म्हणाली. "बाजाराच्या दिवशी तेवढं नको— आबा घरी नसतात."