आठवड्याची बाटली

"एवढ्या किमतीत मासे स्वतःच टाकी धुऊन देतील," ती म्हणाली आणि शोभेच्या माशांच्या दुकानदारासमोरचा, टाकीतल्या झाडांसाठीचा गॅसचा सिलिंडर हळूच बाजूला सरकवला.

मागे कुणीतरी हसलं. तिने वळून पाहिलं, तर भुवईला पीठ लागलेला एक तरुण माशांच्या खाण्याची पुडी घेऊन उभा होता.

"सिलिंडर कशाला हवा?" तो म्हणाला. "बाटलीत कोमट पाणी, साखर, चिमूटभर यीस्ट. झाकणाला भोक पाडायचं, नळी घालायची, नळीचं दुसरं टोक टाकीत. झाडांना कार्बन डायऑक्साइड मिळाला."

"तुम्ही शास्त्रज्ञ का?"

"बेकरीवाला. आमचा पाव त्याच गॅसवर फुगतो."

टाकी तिच्या बाबांची होती. आई गेल्यापासून ते तासन्‌तास टाकीसमोर बसायचे. अलीकडे आतली झाडं पिवळी पडून कुजायला लागली होती, आणि बाबांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली होती. त्या खुर्चीपायी ती आधीच घायकुतीला आली होती. त्यामुळे त्याने "रविवारी येऊन लावून देऊ का?" असं विचारलं, तेव्हा तिने आढेवेढे घेतले नाहीत.

तो आला. कोमट पाणी आणायला त्याने तिला स्वयंपाकघरात पिटाळलं. "बोटाला सोसवेल इतकंच हं... जास्त गरम झालं तर यीस्ट मरतं." ती परत येईपर्यंत साखर बाटलीत गेलेलीही होती. संध्याकाळी नळीच्या तोंडातून बारीक बुडबुडे निघायला लागले, आणि बाबांनी खुर्ची पुन्हा टाकीकडे वळवली.

"रात्री नळी पाण्याबाहेर काढून ठेवा," निघताना तो म्हणाला. "नाहीतर मासे गुदमरतात."

"माशांची फारच काळजी दिसते."

"सुरुवात माशांपासून केलीय..."

तिने दार लावलं, पण हसू काही आवरेना.

आठवडाभरात बाटली थंडावली. तो पुन्हा आला. पुढच्या रविवारीही आला. "यीस्ट दमतं हो, बिचारं," एवढंच त्याचं म्हणणं. खरं तर बाटली भरण्यात काय मोठी विद्या होती? ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या कामाला होती. डोळ्यांना धड न दिसणारे स्क्रू रोज बसवायची. पण "माझ्या हातून प्रमाण चुकतं" असं ती तोंड वाकडं करून सांगायची, आणि बाबा वर्तमानपत्रामागे खोकायचे.

"भुवईला पीठ लागलंय."

"पुसा की."

"मी...? आरसा आहे तिकडे."

पुढच्या रविवारी पीठ त्याच भुवईला.

हिरव्यागार पानांवर आता हवेचे मणी धरायला लागले होते. एकदा ते बघता बघता तो म्हणाला, "बहीण बोलावतेय. तिच्या गावी नवी बेकरी काढायची म्हणते. जाऊ का?"

तिला 'नको' म्हणायचं होतं. पण जिभेला थट्टेची सवय. "जा की. तुम्हाला कुणी धरून ठेवलंय?"

तो हसला नाही.

रात्री तिला झोप लागली नाही. तिला वाटलं, हा माणूस येतो आणि सगळा वेळ बाटलीतच जातो. हात चिकट, लक्ष नळीत. बाटलीचं काम नसेल तर निवांत समोरासमोर बसता येईल, मनातलं बोलता येईल. असे मनातल्या मनात मांडे खात तिने हप्त्यावर तोच सिलिंडर घरी आणला.

रविवारी तो यीस्टची पुडी घेऊन आला आणि टाकीपाशी थबकला.

"म्हणजे... आता बाटली नको."

"नको ना! तुमचा त्रास वाचला," ती उत्साहाने म्हणाली. चहाचं आधण ठेवलं होतं. चहा झाला की बोलू, असं तिने ठरवलं होतं.

"त्रास... हो." पुडी त्याने टेबलावर ठेवली. "निघतो मग. भट्टी लावायचीय."

रविवारी बेकरी बंद असते, हे तिला चहा गाळताना आठवलं. तोवर जिना रिकामा झाला होता. महिनाअखेरीस तो बहिणीच्या गावी गेला. एक फोन करायचा होता, पण "कुणी धरून ठेवलंय?" असं विचारणारी बाई कुठल्या तोंडाने करणार? उद्या करू, परवा करू, असं करत वर्ष गेलं.

मग सिलिंडर संपला. भरून यायला वेळ लागणार होता. "तोवर बाटली लाव," माशांचा दुकानदार म्हणाला. "दोन वाट्या साखर घाल. तीन आठवडे बघायला नको."

यीस्टसाठी ती त्याच्या जुन्या बेकरीत गेली. मालकांनी पुडी देता देता आपणहून सांगितलं, "आमच्या पोराचं लग्न झालं बरं का, बहिणीकडेच."

"छान झालं," ती म्हणाली, आणि सुट्टे पैसे न घेताच निघाली.

बाटली तिने एकटीने भरली. प्रमाण चुकलं नाही. रविवार आला, तरी बुडबुडे येतच राहिले.

"अजून चालू आहे?" बाबांनी विचारलं. "त्याची तर आठवड्यात बंद पडायची."

तिला ते रविवार आठवले. पाणी घेऊन यायची तेव्हा टाकीशेजारी साखरेची एकच वाटी रिकामी दिसायची. रोज पिठाच्या गोण्या मापणारा माणूस दर रविवारी साखर निम्मी घालत होता, आणि तिला म्हणे प्रमाण जमत नव्हतं.

"जगाचे डोळे तपासतेस..." बाबा म्हणाले, आणि पुढचं गिळलं.

तिने डोळे पुसले. दुसरा रविवारही गेला. बाटली थांबण्याची वाट बघत ती टाकीसमोर बसून राहिली, आणि बुडबुडे येतच होते.